नोना : नववा दिवस, नववा तास आणि आपला तिसरा प्रहर

प्रेषितांच्या कृत्यांच्या तिसऱ्या अध्यायाच्या आरंभी पेत्र व योहान प्रार्थनेच्या वेळी मंदिराकडे जातात. ती वेळ मूळ ग्रीक पाठात ‘नववी’ अशी सांगितली आहे. लॅटिन ख्रिस्तसभेने तिला ‘होरा नोना’ म्हटले, आणि पुढे नुसत्या ‘नोना’ या नावाने ती धर्मगुरूंच्या व मठवासीयांच्या प्रार्थनापुस्तकात कायम झाली. मराठीत मात्र या एका शब्दाचे तीन अवतार आढळतात. कोठे ‘नववा तास’, कोठे ‘तिसरा प्रहर’, तर कोठे ‘दुपारी तीन वाजता’. तिन्हींचा अर्थ एकच, तेव्हा वाद कशाला, असे सकृद्दर्शनी वाटेल. प्रस्तुत लेखाचे म्हणणे असे की वाद घालण्याजोगा आहे. या शब्दाच्या भाषांतरात आपण जी ढिलाई चालवली आहे, तिच्यामुळे आपल्या भाविकांच्या कानांवरून शुभवर्तमानातील एक महत्त्वाचा धागा निसटून जातो. शिवाय या शब्दाच्या व्युत्पत्तीविषयी आपल्या प्रवचनांतून जी चुटकेवजा माहिती दिली जाते, तीही तपासून घेण्याची वेळ आली आहे.

१. पंचांगातील नोना

प्रथम शब्दाचे मूळ पाहू. लॅटिनमध्ये ‘नोवेम’ म्हणजे नऊ आणि ‘नोनुस’ म्हणजे नववा. यांपासून दोन संज्ञा निघाल्या. एक पंचांगातील, ‘नोने’ अशी अनेकवचनी. दुसरी दिवसाच्या काळमापनातील, ‘नोना’ अशी एकवचनी. दोहोंचे मूळ एक असले, तरी त्यांचा प्रवास वेगळा आहे. त्यांची गल्लत करू नये.

रोमी महिन्यात तीन खुणेचे दिवस असत. पहिला दिवस ‘कालेंदे’. मध्यावरचा ‘ईदुस’; तो मार्च, मे, जुलै व ऑक्टोबर या महिन्यांत १५ तारखेस आणि इतर महिन्यांत १३ तारखेस येई. या दोहोंच्या मधला दिवस ‘नोने’. तो ईदुसच्या आधी नववा असे, म्हणून वरील चार महिन्यांत ७ तारखेस व बाकीच्या महिन्यांत ५ तारखेस पडे. आजचा वाचक पाच व तेरा यांची वजाबाकी करील, तर उत्तर आठ येईल. मग नववा कसा? उत्तर सोपे आहे. रोमी लोक मोजणीच्या दोन्ही टोकांचे दिवस धरीत. पाच ही एक तारीख, तेरा ही दुसरी, आणि दोन्ही धरून नऊ.

ही पद्धत मराठी माणसाला परकी वाटण्याचे कारण नाही. आपण ‘आठवडा’ म्हणतो आणि त्यात दिवस सातच असतात. ‘आठ दिवसांनी ये’ असे सांगितले, तर सोमवारी ऐकणारा पुढच्या सोमवारीच येतो. ‘पंधरा दिवसांनी’ म्हणजे दोन आठवडे, अर्थात चौदा दिवस. म्हणून योहानाच्या शुभवर्तमानात पुनरुत्थित प्रभू आठ दिवसांनंतर थोमाला दर्शन देतो, तेव्हा तो पुढचा रविवार होता हे मराठी श्रोत्याला वेगळे समजावून द्यावे लागत नाही. शुक्रवारी मरण पावलेला प्रभू रविवारी ‘तिसऱ्या दिवशी’ उठला, या विधानावर बहात्तर तासांचा हिशेब मागणाऱ्या तरुणांनाही हेच उत्तर पुरेसे आहे. शुक्रवार पहिला, शनिवार दुसरा, रविवार तिसरा. धर्मशिक्षणाच्या वर्गात या प्रश्नावर आपण कधीकधी उगाचच अडखळतो. उत्तर आपल्या भाषेतच तयार आहे.

आता ‘नोने’ शब्दाच्या व्युत्पत्तीकडे वळू. इ. स. पूर्व पहिल्या शतकातील रोमी पंडित व्हार्रो याने आपल्या लॅटिन भाषाविषयक ग्रंथात दोन उपपत्ती दिल्या आहेत. पहिली, ईदुसच्या आधीचा नववा दिवस म्हणून नोने. दुसरी, नव्या चंद्रावरून, म्हणजे ‘नोवा’ या विशेषणावरून नोने. विशेष असे की व्हार्रो दोन्ही शेजारी ठेवतो. यांपैकी पहिली उपपत्तीच मान्य करावी असे भाषेच्या दृष्टीने दिसते, कारण शब्दाचे रूप सरळ ‘नववा’ या क्रमवाचकाचे आहे. तथापि दुसरी अगदी निराधार कल्पनेतून निघालेली नाही. रोमी महिना आरंभी चांद्र होता असे मानले जाते. कालेंदे ही नव्या चंद्रकोरीची, नोने अर्ध्या चंद्राची व ईदुस पूर्ण चंद्राची खूण. आपल्या पंचांगाच्या भाषेत सांगायचे तर नोने म्हणजे साधारणपणे शुद्ध अष्टमी आणि ईदुस म्हणजे पौर्णिमा. चंद्राशी संबंध होता, हे खरे; पण शब्द चंद्रावरून निघाला, हे खरे नव्हे. वस्तूचा इतिहास व शब्दाची व्युत्पत्ती या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, एवढा विवेक येथे शिकण्यासारखा आहे.

नोनेच्या दिवशी आणखी एक गोष्ट घडे. खेड्यापाड्यांतील लोक रोममध्ये जमत आणि त्या महिन्यातील सणवार त्यांना जाहीर करून सांगितले जात. छापील दिनदर्शिका नसलेल्या समाजात हीच दिनदर्शिका होती. प्रभुप्रकटनाच्या सणाला त्या वर्षीच्या पुनरुत्थान सणाची तारीख उपासनेत घोषित करण्याचा ख्रिस्तसभेचा जुना प्रघात आहे. तो रोमी नोनेपासून निघाला असे मी म्हणत नाही. परंतु काळ हा समाजाला मोठ्याने सांगावा लागतो, ही जाणीव दोन्हींत समान आहे.

पंचांगातील नोनेची खूण ख्रिस्ती स्मरणातही उमटली आहे. ३५४ सालच्या रोमी पंचांगातील हुतात्म्यांच्या यादीत आफ्रिकेतील पर्पेतुआ व फेलिसिता यांचे स्मरण मार्च महिन्याच्या नोनेवर नोंदले आहे. त्या २०३ साली कार्थेज येथे हुतात्मा झाल्या. मार्चचे नोने म्हणजे ७ मार्च. आजही त्यांचे स्मरण आपण त्याच तारखेस करतो. गोव्यात व इतरत्र ज्या भक्तीने ७ ऑक्टोबरला जपमाळेच्या राणीचा सण साजरा होतो, ती तारीखही रोमी गणनेत ऑक्टोबरचे नोनेच आहे. येथे गूढार्थ शोधू नये. लेपांतोची लढाई १५७१ साली त्या तारखेस झाली, एवढेच कारण. पण जुन्या लॅटिन हुतात्मावलीत ‘नोने’ हा शब्द दिसला तर तो प्रार्थनेचा तास समजून घोटाळा होऊ नये, म्हणून हा खुलासा.

या गणनेचा एक गुण मात्र नजरेत भरतो. रोमी माणूस तारीख मागून पुढे मोजत नसे; पुढच्या खुणेकडे पाहत, ती किती दिवसांवर आली हे मोजत असे. आपल्या भक्तिजीवनात या वृत्तीचा जवळचा नमुना म्हणजे नोव्हेना. तो शब्दही त्याच ‘नोवेम’चा. जुन्या गोव्यात संत फ्रान्सिस झेवियरच्या ३ डिसेंबरच्या सणाआधी २४ नोव्हेंबरपासून नऊ दिवस नोव्हेना चालते. येथे सणाचा दिवस नवांत धरत नाहीत. रोमी हिशेबाने ३ डिसेंबरच्या आधीचा नववा दिवस २५ नोव्हेंबर झाला असता. गणना भिन्न, परंतु सणाकडे तोंड करून दिवस मोजण्याची वृत्ती तीच.

२. दिवसातील नोना

आता प्रार्थनेच्या नोनेकडे येऊ. रोमी साम्राज्यात सूर्योदयापासून सूर्यास्तापर्यंतच्या काळाचे बारा तास करीत. म्हणजे दिनमान मोठे तेव्हा तास मोठा, दिनमान लहान तेव्हा तास लहान. रोममध्ये उन्हाळ्यातील तास आपल्या सुमारे ७५ मिनिटांचा, तर हिवाळ्यातील सुमारे ४५ मिनिटांचा होई. आपल्या गोवा-बेळगाव पट्ट्यात हीच पद्धत लावली, तर तास वर्षभरात साधारण ५६ ते ६५ मिनिटांच्या दरम्यान राहील. म्हणून नवव्या तासाची अखेर सूर्याच्या वेळेने आपल्याकडे बाराही महिने तीनच्या आसपासच पडते. ‘तीन वाजता’ हे भाषांतर घड्याळाच्या दृष्टीने चूक नाही, हे प्रामाणिकपणे मान्य केले पाहिजे. त्याचा दोष अन्यत्र आहे.

तो कोठे आहे हे समजण्यासाठी यरुशलेमच्या मंदिरात जावे लागेल. निर्गम व गणना या ग्रंथांनी रोज दोन कोकरांचे अर्पण नेमून दिले होते, एक सकाळी व एक सायंकाळी. सायंकाळचे अर्पण प्रत्यक्षात केव्हा होई? योसेफस हे अर्पण नवव्या तासाला होत असे म्हणतो. मिश्नाच्या वल्हांडणविषयक प्रकरणात नित्याचे कोकरू साडेआठव्या तासाला वधून साडेनवव्याला अर्पण करीत, असा तपशील आहे. म्हणजे कृत्यांमधील पेत्र व योहान सहज मोकळा वेळ मिळाला म्हणून मंदिरात गेले नव्हते. वेदीवर अर्पण चढत असताना इस्राएल जेथे उभे राहून प्रार्थना करी, तेथे ते निघाले होते. दानीएलाला देवदूताचा स्पर्श सायंकाळच्या अर्पणाच्या वेळी होतो. कर्मेल डोंगरावर एलियाची प्रार्थनाही त्याच वेळची. आणि कृत्यांच्या दहाव्या अध्यायात कर्नेल्य हा परराष्ट्रीय शताधिपती नवव्या तासालाच दर्शन पाहतो. मंदिराच्या आतल्या अंगणात ज्याला पाऊल टाकता येत नव्हते, त्याची प्रार्थना मंदिराच्या घटकेलाच देवासमोर पोहोचली, हे लूकला सांगायचे आहे.

आणि याच तासाला, मत्तय, मार्क व लूक यांच्या सांगण्याप्रमाणे, क्रूसावरचा अंधार संपतो आणि प्रभू प्राण सोडतो.

येथे प्रवचनकारांनी एक सावधगिरी बाळगावी. शुभ शुक्रवारी पुष्कळदा सांगितले जाते की मंदिरात वल्हांडणाची कोकरे कापली जात होती, नेमक्या त्याच क्षणी नवव्या तासाला ख्रिस्त मरण पावला. योसेफस वल्हांडणाची कोकरे नवव्या तासापासून अकराव्यापर्यंत वधली जात असे सांगतो, हे खरे. पण वल्हांडणाच्या तयारीचा दिवस योहान सांगतो आणि नववा तास इतर तिघे सांगतात. त्या तिघांच्या गणनेत वल्हांडणाचे भोजन आदल्या रात्रीच झालेले आहे. दोन साक्षींचे दोन तुकडे जोडून आपण तिसरेच चित्र उभे करतो. तसे करण्याची गरजही नाही. नवव्या तासाचा संबंध रोजच्या सायंअर्पणाशी आहेच, आणि ते अर्पण सणावर अवलंबून नव्हते. ते प्रत्येक दिवसाचे होते. वर्षातून एकदा येणाऱ्या योगायोगापेक्षा हा अर्थ अधिक खोल आहे.

‘तीन वाजता’ या भाषांतराचा दोष आता स्पष्ट व्हावा. ते क्षण सांगते, पण संबंध तोडते. क्रूसाच्या वृत्तांतात ‘तीन वाजता’, पेत्राच्या प्रसंगी ‘तिसऱ्या प्रहरी’ आणि द्राक्षमळ्याच्या दृष्टान्तात ‘नवव्या तासाला’ असे वाचले गेले, तर खेड्यातील श्रोत्याला हे तिन्ही एकच आहेत हे कळण्याचा मार्गच उरत नाही. मूळ पाठात शब्द स्वतःच सांगतो की पेत्र ज्या घटकेला प्रार्थनेस गेला, ती त्याच्या प्रभूच्या मरणाची घटका होती. भाषांतरात ही साक्ष मुकी होते. प्रवचनकाराने ती बोलती करावी लागते, आणि बहुतेक वेळा तोही करीत नाही.

३. भुकेल्या मठवासीयांची गोष्ट

इंग्रजीतील ‘नून’ हा शब्द याच नोनापासून आला, हे सर्वश्रुत आहे. जुन्या इंग्रजीत तो तिसऱ्या प्रहराच्या अखेरीचा वाचक होता. पुढे तो सरकत मध्यान्हीवर आला. गंमत म्हणजे आजच्या इंग्रजीत खरी नोना ‘आफ्टरनून’मध्ये, म्हणजे शब्दशः नोनानंतर येते. हा बदल का झाला? आपल्याकडे सांगितले जाणारे उत्तर असे: उपवासाच्या दिवशी मठवासीयांना नोनाआधी जेवता येत नसे, भूक आवरेना, म्हणून त्यांनी प्रार्थनाच अलीकडे ओढली. श्रोते हसतात आणि गोष्ट पुढे जाते.

या गोष्टीत तथ्यांश आहे. दुसऱ्या-तिसऱ्या शतकांच्या संधिकाळात बुधवारचा व शुक्रवारचा उपवास नवव्या तासाला सोडण्याची चाल होती. तर्तुलियन सांगतो की ती चाल पाळणारे पेत्राच्या मंदिरप्रवेशाचा आधार देत. तो स्वतः, आपल्या कडव्या काळात, त्यांना विरोध करतो. या तासाचे महत्त्व प्रभूच्या मरणातून आले आहे, तेव्हा उपवास त्याच्या दफनाच्या वेळेपर्यंत ताणावा, असा त्याचा आग्रह. पुढे तेराव्या शतकात संत थॉमस अक्वायनस उपवास करणाऱ्याने नवव्या तासाच्या सुमारास जेवणे योग्य, असे प्रतिपादन करतो. जेवणाची वेळ अलीकडे येत गेली आणि तिच्याबरोबर प्रार्थनाही आली, हे पुष्कळ अंशी खरेच आहे. प्रायश्चित्तकाळात तर सायंप्रार्थना दुपारच्या जेवणाआधी उरकण्याची पद्धत विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत चालू होती. सायंकाळची प्रार्थना सकाळी संपवायची आणि नियम पाळला म्हणायचे, याहून मोठा विनोद भुकेल्या मठवासीयांच्या गोष्टीतही नाही.

तरीही ही गोष्ट अपुरी आहे. संत बेनेडिक्टच्या सहाव्या शतकातील नियमावलीचा अठ्ठेचाळिसावा अध्याय वाचावा. पुनरुत्थान सणापासून ऑक्टोबरच्या आरंभापर्यंतच्या काळासाठी तेथे अशी योजना आहे की नोना थोडी लवकर, आठव्या तासाच्या मध्यावर म्हणावी, आणि मग सायंप्रार्थनेपर्यंत काम करावे. आपल्या घड्याळाने ही वेळ दीड-दोनच्या सुमारास येते. या ऋतूत मठवासीयांचे जेवण सहाव्या तासानंतर सामान्यतः आधीच झालेले असे. येथे नोना अलीकडे आली ती भुकेसाठी नव्हे, तर श्रमासाठी. दुपारच्या विश्रांतीनंतर शेतावर निघण्याआधी बंधूंनी एकत्र उभे राहावे, एवढाच हेतू. चौदाव्या शतकाच्या आरंभी दान्ते आपल्या ‘कोन्व्हिव्हिओ’त नोनाची घंटा सातव्या तासाच्या आरंभीच, म्हणजे मध्यान्हीला वाजावी, असे म्हणतो. तो दिवसाच्या भागांच्या विवेचनातून तेथे पोहोचतो, उपवासाचा उल्लेख करीत नाही. तात्पर्य, बदलाला कारणे अनेक होती. श्रम, भूक, सामुदायिक सोय आणि पुढे समान तासांची यांत्रिक घड्याळे, या सर्वांनी मिळून शब्द सरकवला. एकाच चुटक्यावर सर्व भार टाकणे हे इतिहासाला धरून नाही, आणि मठवासीयांवर अन्यायही आहे.

४. दुपार आणि प्रहर

आपल्या भाषेत नेमका याच्या उलट प्रवास घडला आहे. ‘दुपार’ हा शब्द ‘द्विप्रहर’ यापासून आला. दिवसाचे चार प्रहर, त्यांपैकी दोन संपले की दुपार. म्हणजे शब्दशः मध्यान्ह. पण बोलताना आपण दुपारचे बारा म्हणतो, दोन म्हणतो, तीनही म्हणतो. इंग्रजी शब्द नवव्या तासापासून सहाव्याकडे आला. मराठी शब्द सहाव्यापासून नवव्याकडे पसरला. ‘दुपारी तीन वाजता’ या शब्दप्रयोगात दोन प्रहर व तीन प्रहर शेजारी बसले आहेत आणि कोणाला त्याचे काही वाटत नाही. यात भाषेचा दोष नाही. भाषा अशीच चालते. परंतु धर्मशास्त्राच्या अभ्यासकाने ते जाणले पाहिजे.

प्रहराची आणि प्रार्थनेच्या तासांची ही जुळणी मात्र विलक्षण आहे. दिवसाचे बारा तास व चार प्रहर, म्हणजे तीन तासांचा एक प्रहर. तिसरा तास म्हणजे पहिल्या प्रहराची अखेर, सहावा म्हणजे दुसऱ्याची, नववा म्हणजे तिसऱ्याची. रोमी रात्रीचे चार पहारे म्हणजे आपल्या रात्रीचे चार प्रहर. दिनमानाप्रमाणे रोमी तास लहानमोठा होई, तसाच दिनमानाचा चौथा भाग म्हणून धरलेला प्रहरही होतो. दूरच्या संस्कृतीतील कालगणना आपल्या भाषेत इतक्या सहजपणे बसावी, असे भाग्य भाषांतरकाराला क्वचितच लाभते. ते हातचे दवडून आपण घड्याळाचा काटा का धरावा?

तरी येथेही मर्यादा सांगितली पाहिजे. काटेकोरपणे तिसरा प्रहर बारापासून तीनपर्यंतचा. नववा तास हा त्याचा शेवटचा भाग. नुसते ‘तिसऱ्या प्रहरी’ म्हटल्याने वेळ सैल होते. दुसरे असे की द्राक्षमळ्याच्या दृष्टान्तात प्रहर चालणार नाही. तेथे मालक तिसऱ्या, सहाव्या व नवव्या तासाला बाहेर पडतो. ही सारी प्रहरांच्या सांध्यांवरची, नेहमीची वेळ आहे. त्यानंतर तो अकराव्या तासाला पुन्हा निघतो. तो कोणत्याच सांध्यावरचा तास नव्हे. हिशेबी माणूस ज्या वेळी मजूर शोधायला जाणार नाही, त्या वेळी हा मालक जातो. दृष्टान्ताचा गाभाच या आकड्यात आहे. म्हणून तेथे तासांची मालिका जशीच्या तशी राखावी.

‘नववा तास’ हे शब्द उघडे ठेवण्यातही अडचण आहे. आजच्या श्रोत्याला त्यातून सकाळचे किंवा रात्रीचे नऊ ऐकू येतात. विद्यार्थ्याला शाळेतला तास आठवतो. यावर उपाय लहानसा आहे. ‘दिवसाच्या नवव्या तासाला’ असे म्हणावे, आणि प्रार्थनेच्या व क्रूसाच्या प्रसंगी ‘म्हणजे तिसरा प्रहर सरताना’ अशी जोड द्यावी. महत्त्वाची गोष्ट ही की पेत्र व योहान, कर्नेल्य आणि क्रूस या तिन्ही ठिकाणी शब्दयोजना एकच असावी. छापील पाठ बदलणे आपल्या हाती नसेल. वाचनाआधी दोन वाक्यांचे निवेदन करणे प्रत्येक धर्मशिक्षकाच्या हाती आहे.

५. शब्द आणि प्रार्थना

एवढा काथ्याकूट एका शब्दासाठी का, असा प्रश्न काही बंधू विचारतील. त्याचे उत्तर भाषेपेक्षा आपल्या प्रार्थनाजीवनात आहे.

दुसऱ्या व्हॅटिकन धर्मपरिषदेने १९६३ च्या उपासनाविषयक संविधानात प्रार्थनेचे तास दिवसाच्या खऱ्या वेळांशी पुन्हा जोडावेत, अशी सूचना केली. पहिल्या तासाची प्रार्थना, म्हणजे प्रिमा, रद्द झाली. तिसरा, सहावा व नववा हे तिन्ही तास सामुदायिक उपासनेत राखले गेले. बाहेर एकेकट्याने प्रार्थना करणाऱ्याला त्यांतील एक, त्या वेळेला जुळेल असा, निवडण्याची मुभा मिळाली. १९७० साली पोप सहावे पॉल यांनी प्रसृत केलेल्या नव्या प्रार्थनाविधीत हीच व्यवस्था आहे. सवलत उदार आहे, पण तिची अट विसरली जाते. ‘त्या वेळेला जुळेल असा’ हे शब्द गळून पडतात आणि तिन्ही तासांची मिळून एक ‘मधली प्रार्थना’ होते. ती सकाळच्या प्रार्थनेला जोडून किंवा रात्री झोपण्याआधी वाचून टाकली की कर्तव्य संपले. जेवणाआधी सायंप्रार्थना उरकणाऱ्या पूर्वजांना आपण हसतो; आपली तऱ्हा त्यांच्याहून फार निराळी नाही.

तर्तुलियनने प्रार्थनाविषयक ग्रंथात एक समतोल विचार मांडला आहे. या तासांची सक्तीची आज्ञा नाही. परंतु आपल्या व्यवहारातून थोडा वेळ बाहेर ओढणारी खूण म्हणून ते हितावह आहेत, असा त्याचा आशय. हा विचार सामान्य भाविकांसाठी आहे, केवळ धर्मगुरूंसाठी नव्हे. आपल्या धर्मग्रामांतील शेतमजूर, गवंडी, कारखान्यातील कामगार, रुग्णालयातील परिचारिका यांच्या दिवसात तिसऱ्या प्रहराची अखेर ही सर्वांत जड घटका असते. सकाळचा उत्साह ओसरलेला, संध्याकाळ अजून दूर. या वेळी कोणी पुस्तक उघडावे अशी अपेक्षा करू नये. पण क्रूसाची खूण व ‘आमच्या स्वर्गातील बापा’ ही प्रार्थना एवढे त्यांना शिकवता येईल. दिवसातून तीनदा ही प्रार्थना म्हणावी, असे ‘दिदाखे’ या अतिप्राचीन ग्रंथाने सांगितलेच आहे. अलीकडे दैवी करुणेच्या भक्तीमुळे तीनची वेळ अनेक घरांत परिचित झाली आहे. तिचे स्वागत करावे. मात्र ती वेळ विसाव्या शतकात निर्माण झालेली नसून मंदिराच्या वेदीपासून आणि कालवरीपासून चालत आलेली आहे, हेही त्या घरांना सांगावे.

रोमी पंचांगातील नोने सणाकडे पाहत मोजला जाई. मंदिरातील नववा तास अर्पणाकडे पाहत पाळला जाई. दोहोंत काळ कशाच्या तरी दिशेने उभा होता. घड्याळाला दिशा नसते. ते फक्त पुढे सरकते. म्हणून येत्या शुभ शुक्रवारी वाचकाला वेदीजवळ उभे करण्यापूर्वी आपण त्याला एवढे समजावून द्यावे की अंधार संपतो तो तास आणि पेत्र मंदिराची पायरी चढतो तो तास एकच आहे. आणि त्याच दिवशी, तिसरा प्रहर सरताना, हातातील काम बाजूला ठेवून आपण स्वतः ती प्रार्थना तिच्या वेळी म्हणावी.